संदर्भात कोणता दुवा द्यावा: साधी लिंक, डीओआय की संग्रहातली प्रत?

ऑनलाइन स्रोत संदर्भसूचीत घालायची वेळ आली की बहुतेक जण ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलतात आणि तसाच चिकटवतात. वेळ निभावते. पण निवडायला तीन पर्याय असतात: साधी लिंक, डीओआय (लेखाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक) आणि वेबसंग्रहात जतन झालेली प्रत. कोणता घ्यायचा हे ठरवताना संदर्भ लिहिण्याची शैली एपीए की एमएलए यापेक्षा स्रोत कसला आहे हे आधी पाहा.

साधी लिंक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कच्ची. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. पान गेलं तर निदान वाचकाला कळतं. पान जागेवर आहे पण आतला मजकूर बदललाय, हे जास्त त्रासाचं. तुम्ही दिलेला आकडा तिथे दिसत नाही आणि खोटे तुम्ही पडता.

शिवाय उचललेला पत्ता नेहमी लेखाचाच असतो असं नाही. ग्रंथालयाच्या लॉगिनमधून लेख उघडला असेल तर पत्त्यात बऱ्याचदा ग्रंथालयाच्या प्रॉक्सीचं (सभासदांना आत सोडणाऱ्या मधल्या सर्व्हरचं) नाव घुसलेलं असतं. बाहेरच्या वाचकाला त्या लिंकवर लेखाऐवजी पासवर्ड मागणारा चौकोन दिसतो. समाजमाध्यमातून किंवा वृत्तपत्रिकेतून पान उघडलं असेल, तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे ‘यूटीएम’ने (utm) सुरू होणारी लांबलचक शेपटी असते. ती वाचक कुठून आला हे मोजण्यापुरती असते, कापून टाकावी. मात्र प्रश्नचिन्ह दिसलं की सरसकट कापू नका. काही संकेतस्थळांवर लेखाचा क्रमांकच त्यानंतर येतो. कापलेला पत्ता नव्या खासगी खिडकीत उघडून बघावा.

संशोधन नियतकालिकातला लेख असेल तर मी फार विचार करणार नाही: डीओआय द्यावा. ‘१०’ आणि टिंबाने सुरू होणारा हा क्रमांक लेखाला कायमचा जोडलेला असतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं की त्याने नोंदणी संस्थेकडे नवा पत्ता कळवायचा असतो. तुमच्या संदर्भाला हात लावावा लागत नाही. एपीएच्या सातव्या आवृत्तीत तो ‘डीओआय डॉट ओआरजी’ने सुरू होणाऱ्या पूर्ण लिंकच्या रूपात लिहितात आणि पुढे पूर्णविराम देत नाहीत. एमएलएसुद्धा आधी डीओआय, नसेल तर स्थायी दुवा (संकेतस्थळानेच दिलेली न बदलणारी लिंक) आणि तोही नसेल तर साधी लिंक, असाच क्रम सांगते. डीओआयमुळे लेख फुकट वाचता येतो असं मात्र नाही, आणि तो दर्जाचा शिक्काही नाही. सुमार नियतकालिकांतल्या लेखांनाही डीओआय असतो.

विदासंच (डेटासेट) आणि प्रकाशनपूर्व मसुद्यांच्या (प्रीप्रिंट) बाबतीत थोडं जपून. झेनोडो या संशोधन-साहित्य साठवणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र डीओआय असतो आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून आणखी एक. हा दुसरा वाचकाला सर्वांत नव्या आवृत्तीवर नेतो. तुम्ही आकडेमोड दुसऱ्या आवृत्तीवर केली असेल तर दुसरीचाच डीओआय हवा. आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावरच्या मसुद्यांचंही तेच: आवृत्तीचा क्रमांक नसलेला पत्ता सर्वांत ताजा मसुदा दाखवतो.

बातमी, संस्थेचं पान, धोरणाचा मसुदा, ब्लॉग यांना सहसा डीओआय नसतो. तिथे संग्रहातली प्रत कामाला येते. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून पान त्या क्षणी जतन करता येतं. मिळणाऱ्या लिंकमध्ये चौदा अंकी आकडा असतो. २०२४०३१५१०२०३० म्हणजे १५ मार्च २०२४, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं, तीस सेकंद, जागतिक प्रमाणवेळेनुसार. तुम्ही नेमकं कोणतं पान वाचलंत याचा पुरावा लिंकमध्येच आला. लॉगिनमागची पानं, व्हिडिओ आणि हलते नकाशे मात्र बरेचदा नीट जतन होत नाहीत, म्हणून जतन केल्यावर प्रत एकदा उघडून बघणं भाग आहे. आणि संग्रह म्हणजे अमरपट्टा नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद होतं. म्हणून मूळ पत्ता आणि संग्रहातली लिंक दोन्ही द्यावीत, शैलीने मुभा दिली तर.

विकिपीडिया उद्धृत करायचाच असेल तर पानाच्या ‘इतिहास’ विभागात जाऊन तुम्ही वाचलेल्या आवृत्तीचा स्थायी दुवा घ्यावा. वेगळी प्रत जतन करायची गरज सहसा उरत नाही.

आता पान पाहिल्याची तारीख. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण शैली एकमेकींशी जुळत नाहीत. एपीए ती फक्त सतत बदलणाऱ्या मजकुरासाठी मागते, आणि संग्रहातली प्रत दिली तर तेव्हाही नाही. एमएलएत ती ऐच्छिक आहे. शिकागोत प्रकाशनाची किंवा सुधारणेची तारीख सापडत नसेल तरच आवश्यक. व्हँकूवर पद्धतीत मात्र ऑनलाइन स्रोताला ती लागतेच. नियतकालिकाचे स्वतःचे नियम वेगळे असतील तर तेच अखेरचे. टिपणं काढताना तारीख सगळीकडे लिहून ठेवावी. नको असेल तिथे नंतर खोडणं सोपं, आठवून घालणं अशक्य.

झोटेरोसारखं संदर्भ जमवणारं साधन हे सगळं आपोआप भरतं, पण बातम्यांच्या पानांवर लेखकाच्या जागी संकेतस्थळाचं नाव येणं नेहमीचं आहे. एआयकडून संदर्भ तयार करून घेतले असतील तर प्रत्येक डीओआय उघडून बघा. काही क्रमांक अस्तित्वातच नसतात आणि काही भलत्याच लेखावर नेतात. दुसरा प्रकार सहज निसटतो, कारण लिंक व्यवस्थित उघडते. म्हणून उघडलेल्या पानावरचं शीर्षक आणि लेखकाचं नाव आपल्या सूचीशी ताडून पाहा.