कुत्र्याला रेल्वेने नेताना: कूपे घ्या, डॉग बॉक्स टाळा
फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (2 बर्थ) किंवा केबिन (4 बर्थ) आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत नेता येतो. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. स्लीपर, थ्री एसीत परवानगी नाही. कूपे महाग, पण पैसे वसूल: कुत्रा पायाशी निवांत झोपतो. मात्र कूपे मिळाला की नाही, हे चार्ट लागल्यावरच कळतं. मग लसीकरणाचा दाखला घेऊन लगेच पार्सल ऑफिस गाठायचं, पावती करायची.

डॉग बॉक्स स्वस्त, पण पत्र्याचा. मे महिन्यात तापतो. कुत्र्याच्या अंगाला घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून गार होतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला त्यात अजिबात घालू नका. पाणीही आपणच, मोठ्या थांब्यावर धावत जाऊन पाजायचं.