दाभोळ-धोपावे फेरीबोट : गाडीतून उतरा आणि नदी बघा

दापोलीहून गुहागरला जायचं असेल तर चिपळूणवरून वळसा घालू नका, सरळ दाभोळच्या जेट्टीवर या. गाडी, बाईक, एसटीतली माणसं सगळं एकाच बोटीत चढतं, गाड्या अगदी चिकटून लावतात त्यामुळे आधीच उतरून कडेला उभं राहा, एसी लावून आत बसलात तर अर्धे पैसे वाया.

कारण खाली वाशिष्ठी आहे! सह्याद्रीत उगम, चिपळूणवरून वाहते आणि इथे लगेच समुद्राला मिळते, म्हणजे जेमतेम एका जिल्ह्याची नदी, पण पाणी बघा किती. त्यात कोयनेचंही पाणी येतं, जे खरं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरात गेलं असतं, ते वीज तयार करून झाल्यावर बोगद्यातून इकडे कोकणात सोडतात. २०२१ च्या जुलैमध्ये याच नदीने चिपळूण बुडवलं, ते विसरता येत नाही.

बोट सुटली की दाभोळकडे वळून बघा, काठावर घुमटाची जुनी मशीद दिसते, आदिलशाही काळातली, दगडी कोरीवकाम फार सुंदर. बहमनी काळात हे मोठं बंदर होतं, अरबस्तानातून घोडे यायचे, १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी जाळलं. एवढं सगळं दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोरून जातं, आणि हे मुलांना सांगायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

सर्व्हिस मस्त, बोटीवरची पोरं गाड्या व्यवस्थित लावून घेतात. सुट्टीच्या दिवशी मात्र लाइन असते, सकाळी लवकर निघा.