होंडा एस2000: त्सुकुबाच्या एका लॅपसाठी पाया म्हणून कशी आहे?

टाइम अटॅकसाठी, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकच वेगवान लॅप काढण्यासाठी, जपानी गाडी निवडायची म्हटलं की आधी टर्बोवाल्यांची नावं निघतात: लॅन्सर इव्होल्यूशन, जीटी-आर, आरएक्स-7. ताकदीच्या हिशेबात एस2000 त्या रांगेत बसत नाही. दोन लिटरचं टर्बोशिवायचं एफ20सी इंजिन, 8300 आरपीएमला 250 पीएस आणि 7500 ला जेमतेम 22.2 किलोग्रॅम-मीटर टॉर्क. तरीही जपानच्या 2045 मीटरच्या त्सुकुबा टीसी2000 ट्रॅकवर टर्बो न लावता मिनिटाच्या आत यायचं असेल, तर याहून चांगला पाया मिळणं अवघड आहे. वजन 1240 किलोच्या आसपास, इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे, वजनाची वाटणी जवळपास निम्मी-निम्मी आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. एएसएम आणि जेज रेसिंगसारख्या ट्यूनरांनी ही गाडी वर्षानुवर्षं त्सुकुबात उतरवली, ती काही प्रेमापोटी नव्हे.

पण पैसा कुठे घालायचा हे या गाडीत नेमकं उलटं आहे. बहुतेक जण इंटेक आणि एक्झॉस्टपासून सुरुवात करतात आणि तिथे हाती फार काही लागत नाही, कारण होंडाने लिटरमागे 125 पीएस आधीच काढून घेतलेत. वेळ दडलेला आहे तो मागच्या चाकांच्या पकडीत आणि गिअरिंगमध्ये.

आधी कुठल्या सालची गाडी घ्यावी ते बघू. गाडी 1999 मध्ये आली आणि 2009 मध्ये बंद झाली. जपानी बाजारातल्या गाड्यांत सगळ्यात जमलेला काळ म्हणजे ऑक्टोबर 2003 च्या बदलानंतरचा आणि नोव्हेंबर 2005 च्या आधीचा. या गाड्यांत 9000 आरपीएमपर्यंत फिरणारं एफ20सी आहे, सोबत सुधारलेली मागची सस्पेन्शन भूमिती आणि 17 इंची चाकंही आहेत. त्यानंतरच्या एपी2 (हा चॅसीचा कोड; आधीच्या सगळ्या गाड्या एपी1) मध्ये 2157 सीसीचं एफ22सी आलं. त्याचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) 84 वरून 90.7 मिमी झाला, रेडलाइन खाली आली आणि थ्रॉटल केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक झाला. खालचा टॉर्क बरा, रस्त्यावर ती जास्त सोयीची. टाइम अटॅकसाठी मात्र आमची पसंती 2003 ते 2005 च्या त्या मधल्या काळालाच.

अगदी सुरुवातीची एपी1 स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त तिचं मागचं सस्पेन्शन समजून घ्या. या गाड्यांत मागचं चाक वर दबलं की टो-इन (चाकाचं तोंड आत वळणं) वाढतं आणि खाली लोंबलं की टो-आउटकडे (तोंड बाहेर) जातं. जोरात ब्रेक मारला की मागची बाजू उचलते, टो-इन कमी होतं आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही स्टिअरिंग वळवत असता. शेपूट अचानक सुटते म्हणून या गाडीची जी बदनामी झाली, तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. कडक स्प्रिंगने चाकाची हालचाल कमी होते, त्यामुळे त्रासही घटतो. जातो मात्र तो भूमिती सुधारणारे मागचे टो आर्म किंवा बंप-स्टिअर किट बसवल्यावरच. 2003 च्या बदलात होंडाने हेच काम कारखान्यात केलं.

इंजिनात ताकद वाढवण्याआधी ते जगवायला हवं. जुन्या एपी1 च्या ब्लॉकमध्ये पिस्टनखाली तेल फवारणारे जेट ज्या बँजो बोल्टने बसतात, त्या बोल्टला दोनच भोकं असायची. पुढे होंडाने चार भोकांचे दिले. कमी तेलाने पिस्टन आणि सिलेंडरची भिंत घासली जाते. ही भिंत एफआरएम म्हणजे फायबर मिसळलेल्या धातूची आहे. ओरखडे पडले की साध्या लोखंडी स्लीव्हसारखं बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकण्याचा सोपा मार्ग उरत नाही. बोल्ट बदलायला संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवावाच लागतो, तेव्हा त्याच वेळी बॅफल (तेलाची उसळी अडवणारे पत्रे) असलेला संप बसवून टाका. त्सुकुबाचा शेवटचा उजवा कॉर्नर लांबच लांब आहे. एस-टायरवर (ट्रॅकसाठीचा जास्त चिकट टायर) तिथे तेल एका बाजूला चढतं आणि ते ओढणाऱ्या पिकअपमध्ये तेलाऐवजी हवा जाते. संप बदलला तरी ऑइल प्रेशर गेज आणि इशारा देणारा दिवा लावाच. पाण्याच्या काट्याकडे सगळे बघतात, बेअरिंग जातं ते तेलाच्या दाबामुळे.

दुसरा धोका रिटेनरचा, म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या टोपीचा. तिसऱ्या गिअरमध्ये 8000 वर असताना घाईत दुसरा पडला, तर गिअरच्या हिशेबाने (1.481 वरून 2.045) इंजिन 11,000 च्या वर जातं. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, कारण इंजिनाला चाकं फिरवत असतात. एपी1 च्या व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या रिटेनरना यात बारीक तडा जातो. गाडी लगेच थांबत नाही, अनेकदा नीट चालत राहते, आणि पुढे कधीतरी कॉटर (रिटेनरला व्हॉल्व्हवर अडकवणारी पाचर) रिटेनरमधून आरपार निघून व्हॉल्व्ह पिस्टनवर पडतो. म्हणून वापरलेली गाडी घेताना व्हॉल्व्ह कव्हर काढून सोळाही व्हॉल्व्ह बघा. व्हॉल्व्हच्या देठाचं टोक रिटेनरच्या पृष्ठभागापासून किती वर आहे ते डेप्थ गेजने मोजा. एखादा इतरांपेक्षा वेगळा निघाला, तर तो रिटेनर गेलाय असं समजा. एपी2 चे रिटेनर आणि कॉटर जास्त मजबूत आहेत. कव्हर उघडलंच आहे तर ते घालून टाका. व्हॉल्व्हचा क्लिअरन्सही (फट) तपासून घ्या: थंड इंजिनवर इंटेक 0.21 ते 0.25 मिमी, एक्झॉस्ट 0.25 ते 0.29 मिमी. आणि सायकलच्या तारांत पत्ता अडकवल्यासारखा कर्रर्र आवाज पुढून येत असेल, तर तो टायमिंग चेनच्या टेन्शनरचा. हा दोष या गाडीत सर्रास दिसतो, घाबरायचं कारण नाही, पण टेन्शनर बदला.

आता गिअरिंग. हा भाग शांतपणे वाचा, कारण या गाडीचा सगळा जीव इथे आहे. व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) साधारण 6000 ला उघडतं. दुसऱ्या गिअरमध्ये 9000 ला शिफ्ट केलं की तिसऱ्यात इंजिन 6500 वर येतं, तिसऱ्यातून चौथ्यात 7050 वर. म्हणजे सरळ पळताना तुम्ही व्हीटेकच्या खाली येतच नाही. अडचण फक्त हेअरपिनला होते. तिथून बाहेर पडताना वेग 60 किमीच्या आसपास असतो आणि स्टॉक (कारखान्यातल्या) 4.100 फायनलवर (डिफमधलं शेवटचं गिअर गुणोत्तर) दुसऱ्या गिअरमध्ये ते होतात सुमारे 5000 आरपीएम. त्यामुळे ताशी 60 ते 72 या पट्ट्यात गाडी मरगळलेली असते. त्यावर दोन उपाय आहेत. एक, ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) लावून व्हीटेक 4800 ते 5000 ला उघडायचं. चांगला हेडर (एक्झॉस्टचे सुरुवातीचे पाइप) असेल तर तिथला खड्डा बराच भरून निघतो. दुसरा, फायनल गिअर छोटा करायचा, म्हणजे 4.100 पेक्षा मोठ्या आकड्याचा घालायचा.

फायनल निवडताना हात आखडता ठेवा. 255/40आर17 टायरवर स्टॉक फायनलने चौथा गिअर 9000 ला साधारण 190 किमी देतो. 4.3 ने तो 182 च्या आसपास येतो आणि 4.44 ने 176 वर. बॅक स्ट्रेटच्या (त्सुकुबाचा लांब सरळ भाग) टोकाला तुमची गाडी 175 गाठत असेल, तर 4.44 लिमिटरला टेकते आणि ब्रेकच्या जरा आधी पाचवा टाकावा लागतो; त्यात मिळवलेलं सगळं जातं. अशा गाडीला 4.3 बरोबर बसतो. 4.77 ऐकायला छान वाटतो, पण मग बॅक स्ट्रेटवर पाचवा गिअर ठरलेलाच. आधी स्टॉक फायनलवर डेटा लॉग घ्या, टोकाचा वेग बघा, मग आकडा ठरवा.

डिफ (डिफरन्शियल) उघडणारच असाल तर कारखान्यातला गिअरवर चालणारा टॉर्सन काढून क्लच-टाइप एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ) घाला. टॉर्सनचं काम दोन्ही चाकं जमिनीवर असेपर्यंत चालतं. आतलं चाक हलकं झालं की तो ताकद तिकडेच सोडून देतो. डिफमध्ये तेल जेमतेम पाऊण लिटर मावतं, म्हणून ते लवकर जळतं. क्लच एलएसडीवर प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर तेल बदलणं ही चैन नव्हे. उंची 30 मिमीपेक्षा जास्त खाली आणली तर ड्राइव्ह शाफ्टचे आतले कप वेगळ्या जागी झिजतात आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेशनला गाडी थरथरते. डावे-उजवे कप आपसात बदलले की न झिजलेली बाजू कामाला येते; बऱ्याच जणांचा टायर बॅलन्सवरचा खर्च यामुळे वाचेल.

टायरच्या बाबतीत उत्तर जवळपास ठरलेलं आहे: चारही बाजूंना 17×9, ऑफसेट +63 आणि 255/40. पुढचे फेंडर रोल करावे लागतात, म्हणजे त्यांची कड आत वळवावी लागते. सुरुवातीच्या एपी1 ला स्टॉकमध्ये पुढे 205 आणि मागे 225 रुंदीचे टायर असतात. पुढे एकदम 255 आल्यावर नाक फार चिकटतं आणि शेपूट हलकी होते, म्हणून पुढचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड हवा. पुढे 3 ते 3.5 अंश निगेटिव्ह कँबर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), मागे 2.5 च्या आसपास, मागे एकूण 2 ते 4 मिमी टो-इन. एस-टायरवर स्प्रिंग 12 ते 16 किलो प्रति मिमी. स्टॉक आर्मवर पुढे एवढा कँबर मिळत नाही, ऑफसेट बॉल जॉइंट लागतात. रुंद टायरमुळे पुढची हब बेअरिंग लवकर संपतात. चाक हाताने हलवून बघणं ही सवय लावून घ्या आणि जोडभर बेअरिंग जवळ ठेवा.

ब्रेकवर फार खर्च नको. पुढे 300 मिमी डिस्क आणि एक पिस्टनचं कॅलिपर एका वेगवान लॅपला पुरतं. चांगले पॅड, ताजं रेसिंग फ्लुइड, एवढंच.

एरोमध्ये, म्हणजे हवेच्या जोरावर गाडी दाबणाऱ्या भागांत, एकटा मागचा जीटी विंग (डिकीवरचा उंच पंख) लावणं ही नेहमीची चूक. शेवटच्या कॉर्नरला मागची बाजू दाबली जाते, नाक बाहेर पळतं आणि ड्रायव्हर स्प्रिंगला दोष देत बसतो. स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची सपाट फळी) आणि विंग एकत्रच बसवा. स्प्लिटरवर माणूस उभा राहिला तर तो वाकता कामा नये; वाकत असेल तर वेगातही वाकणारच. विंगचे पाय डिकीच्या पत्र्यावर न टेकवता खाली चॅसीपर्यंत न्या. सॉफ्ट टॉप काढून सुमारे 20 किलोचा अ‍ॅल्युमिनियम हार्डटॉप घातला की हवा नीट वाहते. ही उघडी गाडी आहे, रोल केजशिवाय वेगाने चालवूच नका.

लॅप काढायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळच्या थंड, दाट हवेत. त्या थंडीत ऑइल कूलरला थर्मोस्टॅट नसेल तर तेल तापतच नाही. 80 अंशांच्या आत 9000 पर्यंत फिरवू नका. अ‍ॅडव्हान ए050 सारखा एस-टायर गरम झाल्यावर 1.8 ते 2.0 बारमध्ये यावा, म्हणून थंड असताना 1.5 च्या आसपास सुरुवात करा. एक वॉर्म-अप लॅप, मोकळी जागा बघून एक अटॅक लॅप, फार तर दुसरा. तिसऱ्या लॅपला टायर उतरणीला लागलेला असतो. पिटमध्ये या, प्रेशर मोजा, थंड होऊ द्या.

सुपरचार्जर आणि टर्बो या गाडीला लागतात आणि वेळही कमी होतो, पण मग डिफ, क्लच, रेडिएटर, गिअरबॉक्स असं एकामागून एक सगळंच बदलावं लागतं. एफ20सी मोडलं आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली, तर के24 (होंडाचंच 2.4 लिटरचं इंजिन) बसवणं हा शहाणपणाचा निर्णय आहे: टॉर्क जास्त, पार्ट्स मुबलक, आणि हेअरपिनमधला तो मरगळलेला पट्टाही जातो. जोवर मूळ इंजिन धड आहे, तोवर त्याला हात न लावता तेच पैसे टायर, डिफ आणि टो आर्मवर घाला.