मारा, अंबोसेली की इंदापूरचा माळ?

मुंबईकराची सफारी ठरते शाळेच्या सुट्ट्यांवर, आणि गवताळ प्रदेशातले प्राणी हलतात पावसावर. म्हणून लॉजचे फोटो बघण्याआधी पाऊस बघा.

मसाई मारा आणि अंबोसेली ही केनियातली अभयारण्यं, आणि केनियात पाऊस दोनदा येतो: मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. म्हणजे आपली मेची सुट्टी आणि दिवाळी, दोन्ही पावसातच. त्यातला दिवाळीचा पाऊस भारी लहरी. हिंदी महासागर पश्चिमेला जास्त तापला, की पूर्व आफ्रिकेत धो धो कोसळतो. २०१९ मध्ये तेच झालं. उलटं झालं आणि जोडीला ला निना (म्हणजे प्रशांत महासागर नेहमीपेक्षा थंड) आली, की आभाळ कोरडं. २०२० च्या अखेरपासून तिथे सलग पाच पावसाळे हुकले. २०२२ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबरमध्ये २०५ हत्ती आणि ५१२ विल्डबीस्ट (कळपाने फिरणारी मोठी हरणं) मेल्याची सरकारी नोंद आहे.

मसाई मारात पाऊस त्यामानाने चांगला, नदीही आहे. दक्षिणेला टांझानियातल्या सेरेंगेटीतून येणारे विल्डबीस्टचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर इथे असतात, तेव्हा गणपतीची सुट्टी दिवाळीपेक्षा केव्हाही बरी. पण कळप कोवळ्या गवतामागे जातात, ब्रोशरमागे नाही. दक्षिणेत पाऊस रेंगाळला तर तेही रेंगाळतात, आणि नदी ओलांडण्याची ‘गॅरंटी’ देणाऱ्या एजंटाकडे मी तरी पैसे भरणार नाही. मे महिना टाळाच. २०२४ मध्ये एप्रिल संपता संपता तालेक नदीला पूर आला, तंबू पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

अंबोसेलीचं गणित वेगळं. वर्षाला जेमतेम ३५० मिलिमीटर पाऊस, पण किलिमांजारोवर मुरलेलं पाणी पायथ्याला झऱ्यांतून वर येतं आणि दलदली हिरव्या राहतात. म्हणून कोरड्या वर्षी हत्ती तिथेच गोळा होतात. प्राणी दिसण्याच्या हिशेबाने ही जागा सगळ्यात भरवशाची. मात्र दुष्काळ लांबला तर जे दिसतं ते बघवत नाही: पाणी असतं, चारा संपलेला असतो. आधी अशक्त जनावरं सिंहांना आयती मिळतात, मग शिकारच उरत नाही आणि सिंह मसाई लोकांच्या गुरांवर येतात. २००९ च्या दुष्काळानंतर असंच झालं, तेव्हा २०१० मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने झेब्रे ट्रकने आणून सोडले. हत्तींचा तोटा भरायला वेळ लागतो. गर्भारपणच २२ महिन्यांचं.

आता आपला माळ. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे चिंकारा, लांडगे, खोकड, तरस आहेत आणि वनखात्याची गवताळ सफारीही आहे. सिंह-हत्तींची हौस इथे भागणार नाही, हे मुलांना आधीच सांगा. पण शुक्रवारी ठरवून शनिवारी निघता येतं, आणि लहरी पावसावर याहून चांगला उतारा नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी नोव्हेंबरात गवत सोनेरी झालेलं असतं. पाऊस हुकला तर त्याच गवतावर मेंढरंही असतात आणि चिंकाराही. चिंकारा पाल्यातल्या ओलीवर बराच काळ निभावतो, लांडगा मेंढरांमागे राहतो. या माळाचं जास्त नुकसान दुष्काळापेक्षा कालव्याच्या उसाने आणि ‘पडीक’ समजून केलेल्या वृक्षलागवडीने होतं, असं माझं मत.

आयुष्यात एकदाच जाणार असाल तर सप्टेंबरातला मारा, आणि तारीख बदलता येईल असंच बुकिंग. हत्ती बघायचे असतील, किंवा जानेवारी-फेब्रुवारीत रजा मिळत असेल, तर अंबोसेली. दिवाळीच हवी असेल तर सप्टेंबर अखेरपर्यंत थांबा. आपल्या हवामान खात्याच्या मान्सूनच्या पत्रकात हिंदी महासागराच्या स्थितीवर दोन ओळी असतात, त्या वाचा. ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल, म्हणजे पश्चिम बाजू जास्त तापलेली असेल, तर केनिया पुढे ढकला आणि इंदापूरला जा.