ईएल३४चा ट्यूब ॲम्प्लिफायर : दहा महिन्यांचा वापर आणि रात्रीचे २५२ व्होल्ट

एप्रिलच्या अखेरीस रात्री पावणेअकराच्या सुमारास दिवा मालवून मी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल ऐकत बसलो होतो, तेव्हा ॲम्प्लिफायरच्या उजवीकडच्या कडेच्या ट्यूबच्या राखाडी प्लेटवर रुपयाएवढा लाल डाग उमटलेला दिसला. ट्यूबच्या आतली तार नारिंगी उजळते, ते तिचे कामच आहे. पण प्लेटचा पत्राच लाल होऊ लागला की ती ट्यूब झेपेल त्याहून अधिक प्रवाह ओढत आहे असे समजावे. मी उठून बटणापर्यंत पोहोचण्याआधीच फ्यूज उडाला आणि खोलीत तापलेल्या वार्निशचा वास मागे राहिला. दिवाळीत पंचाऐंशी हजार मोजून घेतलेले यंत्र सहा महिन्यांत बसले होते.

निवड मी घाईने केली नव्हती. माझे स्पीकर ८८ डेसिबलचे, म्हणजे थोड्या वॅटांत फार मोठ्याने न वाजणारे असल्यामुळे ३००बीची एकच ट्यूब देते ते आठ-एक वॅट आमच्या दिवाणखान्याला अपुरे पडले असते, आणि केटी८८चा बदली संच घेणे खिशाला मानवणारे नव्हते. म्हणून ईएल३४ जातीच्या चार ट्यूब असलेला, पस्तीस वॅटांचा चिनी बनावटीचा ॲम्प्लिफायर घेतला. पहिल्या महिन्यात तो मला इतका आवडला, की झुमरा तालाच्या दोन मात्रांमधल्या मोकळ्या जागेत तानपुरा कसा भरून राहतो, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी बळेच बसवून ऐकवीत असे. खाँसाहेब आमच्या इंदूरचेच, त्यामुळे पाहुण्यांनाही नाही म्हणवत नसे.

यंत्र बंद पडल्यावर विक्रेत्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्याने हा सगळा आनंद नासवला. ट्यूब ही झिजणारी वस्तू असल्यामुळे तिच्यावर तीनच महिन्यांची वॉरंटी आहे, आणि तपासणी हवी असल्यास एकोणीस किलोचे यंत्र स्वखर्चाने मुंबईला पाठवावे, असे उत्तर आले. मी हिशेब केला. रोज तीन तास धरले तरी वापर साडेपाचशे तासांपलीकडे जात नव्हता, आणि बऱ्यापैकी ईएल३४ने दीड-दोन हजार तास तरी काम द्यावे अशी अपेक्षा असते. तेव्हा ट्यूबच हलक्या प्रतीच्या होत्या असा निष्कर्ष काढून, कुरकुरत का होईना, मी बारा हजारांचा स्लोव्हाकियात बनलेला, सारखाच प्रवाह ओढणाऱ्या चार ट्यूबांचा जुळवलेला संच मागवला.

ते माझे मत इथे मागे घेतो. नव्या ट्यूब बसवून एका दुपारी मी बायस, म्हणजे संगीत नसतानाही प्रत्येक ट्यूबमधून वाहणारा प्रवाह, ४० मिलिॲम्पियरवर लावला आणि त्याच रात्री सहज पुन्हा मल्टिमीटर लावला, तर काटेकोर जुळवलेल्या चारही ट्यूब ५०च्या आसपास आल्या होत्या. भिंतीतल्या सॉकेटमध्ये दुपारी २२८ व्होल्ट होते आणि आता २५२. आमचे घर डीपीच्या, म्हणजे गल्लीतल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ आहे. रात्री बाजारातली दुकाने बंद होऊन भार उतरला की व्होल्टेज चढते. यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर मात्र बारीक अक्षरांत २२० व्होल्ट असे छापलेले होते, आणि ते मी दहा वेळा पाहूनही वाचलेले नव्हते. ट्यूबमधल्या हीटरला, म्हणजे त्या नारिंगी तारेला, २२०वर ६.३ व्होल्ट मिळावेत अशा हिशेबाने आतला ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेला असल्यामुळे २५२वर ७.२ मिळतात, आणि दहा टक्क्यांची सवलत धरली तरी हीटरची हद्द ६.९पाशी संपते. एका कारागिराने मोजले तेव्हा प्लेटवर रात्री ५०० व्होल्ट निघाले. त्याला ५० मिलिॲम्पियरने गुणले की २५ वॅट होतात, आणि ईएल३४च्या प्लेटची कमाल मर्यादा तेवढीच आहे. जुन्या ट्यूबांनी हा छळ सहा महिने सोसला, हे खरे तर त्यांच्या प्रतीला भूषणावहच आहे.

स्टॅबिलायझर मी नाकारला, कारण स्वस्तातला रिले असलेला स्टॅबिलायझर आलापीच्या मधोमध ‘टक्’ करतो आणि सर्वो प्रकारचा मला महाग वाटला. महाराणी रोडवर चौकशी करता करता वाइंडिंग करणाऱ्या एका मराठी काकांचा पत्ता लागला. ते म्हणाले, “साहेब, एवढ्यासाठी स्टॅबिलायझर कशाला? चोवीस व्होल्टांचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून देतो, तेवढे व्होल्ट वजा होतील.” त्याप्रमाणे दोन ॲम्पियरचा ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि तो वगळण्याचे एक बटण पत्र्याच्या डब्यात बसवून त्यांनी नऊशे रुपयांत दिला. जोडणी चुकली तर हेच व्होल्ट वजा होण्याऐवजी मिळून २७८ होतात, म्हणून त्यांनी आधी मीटर आणि बल्ब लावून खात्री केली, आणि हे काम कोणी घरी हौसेने करू नये असे मलाही वाटते. रात्री २५२चे २२६ होतात, तेव्हा हीटरला साडेसहाच्या आत मिळतात. दुपारी मात्र डबा मध्ये ठेवला तर व्होल्टेज २०४पर्यंत उतरते, म्हणून दिवसा मी बटण फिरवून तो वगळतो. सुरुवातीला डबा गुणगुणत असे. खाली जुन्या स्लिपरचा तुकडा ठेवल्यावर गप्प झाला.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. रिमोटने आवाज एकदम उडी मारतो, आणि मे महिन्यात हे यंत्र लावणे म्हणजे खोलीत शेगडी ठेवण्यासारखेच आहे. माझ्या मोजणीनुसार ते संगीत लावलेले नसतानाही १९० वॅट खाते, म्हणजे महिन्याला सतरा युनिट. घरून यावर टोमणे येतात आणि ते रास्त आहेत.

आज पुन्हा खरेदी करायची झाली तर मी ईएल३४च घेईन, पण आवाजाच्या वर्णनांआधी पाठीवरची पट्टी वाचेन आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४०चा टॅप, म्हणजे तेवढ्या व्होल्टेजसाठी वेगळी जोडणी आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घेईन. बायस आपोआप सांभाळणारे यंत्र घ्या, असा सल्ला मला अनेकांनी दिला. त्याने प्रवाह बराचसा आवरतो हे मान्य आहे, परंतु हीटरला जादा मिळणारे व्होल्ट त्यानेही कमी होत नाहीत. विक्रेत्यावरचा माझा राग निम्मा ओसरला आहे. उरलेला निम्मा अशासाठी, की २२० व्होल्टांचे यंत्र इथे विकताना एका ओळीची सूचना देणे त्यांना अवघड नव्हते.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे आणि रोजचे आकडे त्यावर लिहितो. काल रात्री अकरा वाजता सॉकेटमध्ये २४९, डब्यानंतर २२३, चारही ट्यूब ३९.