क्लोरॅम्फेनिकॉलच्या तपासणीसाठी एमआयपी कार्ट्रिज : काही महिन्यांच्या वापरानंतर

निर्यातीची कोळंबी आणि मध यांतील क्लोरॅम्फेनिकॉल तपासण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत गेले काही महिने मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर, म्हणजेच एमआयपी, भरलेली कार्ट्रिज (नमुन्याचा अर्क शुद्ध करणाऱ्या छोट्या नळ्या) वापरात आहेत. या प्रतिजैविकामुळे क्वचित का होईना, पण जीवघेणा अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे थांबण्याचा आजार, होऊ शकतो. युरोपीय संघातील कारवाईची मर्यादा पूर्वी किलोला ०.३ मायक्रोग्रॅम होती, ती नोव्हेंबर २०२२ पासून ०.१५ झाली. आमचे एलसी-एमएस/एमएस यंत्र (घटक वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे) एवढे अल्प प्रमाण सहज ओळखते. खरी अडचण मधातल्या इतर घटकांची होती, कारण ते अर्कात उतरून यंत्रातला क्लोरॅम्फेनिकॉलचा संकेत दडपतात.

हे पॉलिमर तयार करताना लक्ष्य रेणू किंवा त्याच्यासारखा दुसरा रेणू साचा म्हणून घेतात, त्याच्याभोवती मिथॅक्रिलिक आम्लासारख्या मोनोमरचे (एकमेकांना जोडून पॉलिमर बनवणाऱ्या लहान रेणूंचे) घट्ट जाळे विणतात आणि शेवटी साचा धुऊन काढतात. मागे उरलेल्या पोकळीत आकार जुळतो आणि हायड्रोजन बंध जोडणारे गटही नेमक्या जागी असतात. जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये सहसंयुज (साचा आणि मोनोमर यांना पक्के जोडणाऱ्या) बंधांच्या आधारे हे दाखवले. पुढे स्वीडनमधील लुंड येथे क्लाउस मोसबाख यांच्या गटाने अधिक सोपी, असहसंयुज, म्हणजे हायड्रोजन बंधांसारख्या सैल बंधांची वाट रूढ केली.

प्रत्यक्ष वापरात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की निवडकपणा नमुना ओतताना नव्हे, तर धुताना प्रकट होतो. पाण्यात असताना हे पॉलिमर इतर साध्या कार्ट्रिजप्रमाणेच जलविरोधी असे बरेच काही धरून ठेवते. पाणी पूर्ण काढून डायक्लोरोमिथेन या सेंद्रिय द्रावकाने धुतल्यावर मात्र हायड्रोजन बंधांनी पोकळीत बसलेला रेणू टिकतो आणि बाकीचे निघून जाते. त्यामुळे मधल्या टप्प्यावर व्हॅक्यूमखाली थर पूर्ण कोरडा करणे अत्यावश्यक आहे. घाईच्या दिवशीही या टप्प्यातला वेळ कापू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. थरात ओल राहिली की रिकव्हरी (मूळ औषधापैकी परत मिळालेला हिस्सा) नळीगणिक बदलते आणि त्या बदलाचे कारण क्रोमॅटोग्रामवरून (यंत्राने काढलेल्या आलेखावरून) कळत नाही.

मधाच्या बाबतीत फरक ठळक आहे: पार्श्वभूमी शांत झाली आणि क्लोरॅम्फेनिकॉल ओळखण्याचे, ३२१ वस्तुमानाच्या आयनावरून १५२ च्या तुकड्याकडे जाणारे संक्रमण कमी पातळीवरही निःशंकपणे मोजता येऊ लागले. कोळंबीत चरबी आधी हेक्झेनने काढावी लागते. ती काढली की फायदा तिथेही मिळतो, पण मधाइतका नाही.

साच्याचे उरलेले अंश नंतर झिरपण्याचा धोका या तंत्राला जन्मापासून आहे, म्हणून प्रत्येक नव्या लॉटचा ब्लँक (औषध नसलेली चाचणी) आम्ही नमुन्यांआधी चालवतो. नायट्रो गटाऐवजी मिथिलसल्फोनिल गट असलेले थायअँफेनिकॉल हे त्याच कुळातले औषध आमच्या पद्धतीत पुरेसे परत मिळत नाही, तेव्हा अनेक औषधे एकत्र शोधायची असतील तर हे कार्ट्रिज घेऊ नये. किंमतही साध्या कार्ट्रिजपेक्षा बरीच जास्त आहे. आम्ही प्राथमिक चाळणी जुन्याच पद्धतीने करतो आणि संशयास्पद नमुन्यांची खातरजमा तसेच मधाचे सर्व नमुने एमआयपीवर घेतो.