रजोनिवृत्तीतली झोपमोड: हार्मोन, सीबीटी की झोपेची गोळी?

पाळी जाण्याच्या आसपास झोप बिघडली की सल्ले ढीगभर मिळतात, पण त्यातला प्रत्येक सल्ला वेगळ्या दुखण्यावरचा असतो. म्हणून उपाय निवडण्याआधी जाग कशाने येते ते शोधा. दोन आठवडे उशाशी वही ठेवा. अंथरुणावर कधी पडलात, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, तेव्हा अंग घामाने भिजलं होतं का आणि शेवटी कधी उठलात, एवढंच सकाळी लिहा. रात्री घड्याळ पाहू नका, त्यानेच उरलीसुरली झोप पळते.

घामाने जाग येते, कपडे बदलले की थोड्या वेळात पुन्हा डोळा लागतो, असं असेल तर दुखणं हॉट फ्लशचं, म्हणजे अचानक अंग तापून घाम फुटण्याच्या झटक्यांचं आहे. घाम ओसरल्यावरही तास-दीड तास टक्क जागं राहायला होत असेल, किंवा घाम नसतानाही हेच होत असेल, तर अनिद्रा आता स्वतंत्रपणे रुजली आहे. या दोन चित्रांचे उपाय वेगळे आहेत.

हॉट फ्लश मुख्य असतील तर: हार्मोन उपचार

इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. शरीराचं तापमान जरासं वाढलं तरी ते रक्तवाहिन्या फुलवतं आणि घाम सोडतं. इस्ट्रोजेन परत दिलं की हे शांत होतं. हॉट फ्लशवर याहून परिणामकारक औषध नाही. फरक काही आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामासाठी सुमारे ३ महिने धरा.

वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, तर बहुतेक निरोगी स्त्रियांसाठी फायद्याचं पारडं जड असतं. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, यकृताचा गंभीर आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर हा मार्ग सहसा बंद. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हार्मोन) एकत्र बरीच वर्षं घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, हेही डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्या.

दोन तपशील महत्त्वाचे. इस्ट्रोजेनच्या गोळीपेक्षा पॅच किंवा जेलमध्ये गुठळ्यांचा धोका कमी असतो. आणि गर्भाशय असेल तर त्याचं अस्तर वाढू नये म्हणून प्रोजेस्टोजेन जोडावंच लागतं. तिथे मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन मिळालं तर त्याची गुंगी उपयोगी पडते. ते रात्री झोपतानाच घ्यायचं. सकाळी घेतलं तर दिवसभर सुस्ती येते आणि बऱ्याच जणी औषधच सोडून देतात.

जाग लांबत असेल तर: अनिद्रेची सीबीटी

सीबीटी म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी, औषधाविना केली जाणारी उपचारपद्धती. आमच्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत टिकाऊ उपाय हाच. घामाचे झटके तो फारसे कमी करत नाही, पण झटक्यानंतर झोप परत लागू लागते. साधारण ६ ते ८ आठवडे लागतात.

गाभा असा: समजा तुम्ही १० ते ६ असे ८ तास अंथरुणावर असता, पण वहीप्रमाणे झोप साडेपाच तासच होते. मग अंथरुणाची वेळ साडेपाच तासच ठेवायची: रात्री साडेबारा ते सकाळी ६. उठण्याची वेळ रोज तीच, सुट्टीच्या दिवशीही. आठवडाभर अंथरुणावरच्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोपेत गेला की झोपायची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणायची. ५ तासांच्या खाली कधीच जायचं नाही. मध्येच जाग येऊन २० मिनिटांसारखा वेळ गेला असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परत अंथरुणावर.

पहिले दोन आठवडे खरंच जड जातात, कारण झोपेची भूक मुद्दाम वाढवलेली असते. उपाय फसतो तो इथेच: दुपारी डुलकी काढली जाते किंवा रविवारी उशिरापर्यंत लोळलं जातं आणि साठलेली भूक वाया जाते. या काळात पेंग येत असेल तर गाडी चालवू नका. फिट येण्याचा आजार किंवा बायपोलर विकार असेल तर हे स्वतःहून करू नका, झोप तोडल्याने तो उफाळू शकतो.

दोन्ही चित्रं एकत्र असतील तर आधी हार्मोन सुरू करून झटके आटोक्यात आणा आणि मग सीबीटी घ्या. दर तासाला घामाने जाग येत असताना झोपेचं वेळापत्रक पाळणं फार कठीण जातं.

हार्मोन नको किंवा चालत नसतील तर

रात्रीचाच त्रास असेल तर झोपताना गॅबापेंटिन (मूळचं फिटवरचं औषध) बऱ्यापैकी काम करतं. चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना जपून. ते एकदम बंद करत नाहीत. व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचं औषध झटके कमी करतं, पण काहींची झोप तेच उडवतं. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन हे झटक्यांवर दिलं जाणारं नैराश्यावरचं औषध टाळा, ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं. फेझोलिनेटंट हे नवं बिगरहार्मोनी औषध झटक्यांवर चांगलं आहे, पण यकृताच्या तपासण्या वेळेवर कराव्याच लागतात.

झोपेची गोळी आणि मेलाटोनिन

झोल्पिडेम या झोपेच्या गोळीने झोप लवकर लागते, घाम थांबत नाही. स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी सुरुवातीचा नेहमीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. थोड्या दिवसांच्या कठीण काळापुरतं ठीक, महिनोन् महिने नको. मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन, झोपेचं घड्याळ सरकलं असेल तर उपयोगी. मध्यरात्री जाग येण्यावर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

गोळी घेण्याआधी ही तपासणी

रजोनिवृत्तीनंतर झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण वाढतं. घोरणं, सकाळी डोकं दुखणं, पुरेसं झोपूनही दिवसा पेंग येणं, यांपैकी काही असेल तर झोपेची चाचणी आधी करा, कारण शामक औषधांनी हा त्रास बळावू शकतो. रात्री पाय वळवळत असतील आणि पाळी जाण्याआधी रक्तस्राव खूप होत होता असं असेल, तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. ते ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याखाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही डॉक्टर लोह देऊ शकतात.